काचेच्या अलीकडे

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी एका सायंकाळी वादासाठी विषय घेतला होता : विमानतळावर प्रवाशांसाठी प्रार्थनेची खोली असावी की नसावी? वसईच्या गावांतील तरुणांना हा विषय परका नाही. कुणाचा भाऊ कुवेतला, कुणाचे वडील जहाजावर, कुणाची बहीण परदेशी परिचारिका. घरटी एखादे तरी माणूस विमानाने दूर गेलेले असते. वाद चांगला रंगला. एकाने म्हटले, देव सर्वत्र आहे, मग खोली कशाला? दुसरी म्हणाली, सिगारेट ओढणाऱ्यांसाठी खोली राखता येते, मग प्रार्थना करणाऱ्यांनी काय पाप केले? एका हिशेबी मुलाने चौरस फुटाच्या भाड्याचा प्रश्न काढला. शेवटी सर्वांनी माझ्याकडे पाहिले. "फादर, आता तुम्ही सांगा." मी दोन्ही बाजूंना थोडे थोडे बरे वाटेल असे काहीतरी बोललो आणि चहा आणायला सांगितला.

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्या सावधपणाची मला लाज वाटली. या विषयावर मला मत आहे, आणि ते पुस्तकातून आलेले नाही.

२००४ साली माझी आई देवाघरी गेली तेव्हा मी रोममध्ये शिकत होतो. धाकट्या भावाचा पहाटे दूरध्वनी आला. मिळेल त्या विमानाचे तिकीट काढले. वाटेत युरोपातील एका मोठ्या विमानतळावर सात तास थांबणे भाग होते. चहूकडे उजेड, दुकाने, अत्तरांचा वास, आणि मिनिटामिनिटाला होणाऱ्या उद्घोषणा. मला रडायला जागा सापडेना. एकदा प्रसाधनगृहात जाऊन दार लावून घेतले, तर थोड्या वेळाने बाहेरून कुणीतरी दारावर थाप मारली. प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जावे आणि दार लावून घ्यावे, असे प्रभू येशूने शिकवले आहे. या वचनावर मी अनेकदा प्रवचन केले होते. दार लावता येईल अशी खोलीच ज्याच्यापाशी नाही त्याने काय करावे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

पुढे एका फलकावर गुडघे टेकलेल्या माणसाची आकृती दिसली आणि बाणाच्या मागोमाग मी त्या खोलीपर्यंत गेलो. खोली लहान होती. राखी रंगाचा गालिचा, सहासात खुर्च्या, कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेल्या चटया, फडताळावर चारपाच भाषांतील बायबल आणि कुराणाच्या प्रती, छतावर मक्केची दिशा दाखवणारी खूण. क्रूस नव्हता. सेमिनरीत घडलेल्या माझ्या डोळ्यांनी सवयीने तो लाल दिवा शोधला, जो आपल्या प्रत्येक चर्चमध्ये पवित्र साक्रामेंतापुढे तेवत असतो. तोही नव्हता. शिवाय मागच्या खुर्चीवर सफाई कामगाराच्या गणवेशातील एक मध्यमवयीन बाई बूट काढून, पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून चक्क झोपली होती. मला राग आला. प्रार्थनेची जागा आणि हे काय? मी दैनिक प्रार्थनेचे पुस्तक उघडले आणि मृतांसाठीची प्रार्थना हलक्या आवाजात म्हणू लागलो. मराठीत म्हणावी असे वाटत होते, पुस्तक इंग्रजी होते. मधेच आवाज फुटला. त्या बाईने डोळे उघडले, क्षणभर माझ्याकडे पाहिले, पाय खुर्चीवरून खाली घेतले आणि पुन्हा डोळे मिटले. एवढेच. आम्ही दोघांनी एकमेकांशी एक शब्दही काढला नाही.

त्या वेळी मला एलिया संदेष्टा आठवला, असे लिहिले तर शोभून दिसेल. खरे म्हणजे तो पुष्कळ वर्षांनी आठवला. जिवावर उदार होऊन पळालेला एलिया रानात एका झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला प्रार्थना शिकवली नाही. त्याला भाकर आणि पाणी दिले आणि पुन्हा निजू दिले. झोपलेल्या माणसाचा देवाला राग येत नाही, तो धर्मगुरूलाच येतो.

ती बाई त्या खोलीत अनाहूत नव्हती, हे मला या विषयाचा इतिहास वाचताना कळले. अमेरिकेत बॉस्टनच्या लोगन विमानतळावर १९५१ साली विमानमार्गांच्या मातेच्या नावाने चॅपेल उभारले गेले. विमानतळावरील चॅपेलांत ते अगदी पहिल्यांपैकी गणले जाते. आर्चबिशप कुशिंग यांच्यासमोर तेव्हा प्रवासी नव्हते, विमानतळावरचे कामगार होते. पाळ्यांमध्ये राबणाऱ्या, रविवारी घरच्या चर्चला मुकणाऱ्या माणसांना मिस्सा मिळावी, हा त्या चॅपेलचा हेतू होता. परमधर्मपीठाने १९९५ साली विमानसेवेतील आध्यात्मिक सेवाकार्यासाठी जी मार्गदर्शक सूत्रे काढली, त्यांतही प्रवाशांबरोबर कर्मचाऱ्यांचा विचार आहे. आज मात्र आपण "प्रवाशांसाठी सोय" एवढेच म्हणतो आणि तिकीट नसलेल्यांना विसरतो.

वैमानिकांची आश्रयदात्री लोरेटोची माता. नाझरेथचे पवित्र घर देवदूतांनी आकाशमार्गे इटलीत आणले, या जुन्या श्रद्धेवरून पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी १९२० साली तिला हा मान दिला. मला या कथेत उड्डाणापेक्षा एक गोष्ट अधिक भावते. जे हवेतून आले ते घर होते. परमुलुखी गेलेल्या माणसाला नेमके तेच हवे असते.

न्यूयॉर्कच्या विमानतळावर १९५५ साली कॅथॉलिकांचे चॅपेल झाले आणि पुढच्या दशकात तिथे कॅथॉलिक, प्रॉटेस्टंट आणि यहुदी अशी तीन वेगळी प्रार्थनास्थळे एका तळ्याकाठी शेजारी शेजारी उभी राहिली. विमानतळाच्या विस्तारासाठी १९८८ साली ती पाडण्यात आली. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर १९६८ साली तीन ख्रिस्ती परंपरांनी मिळून जमिनीखाली एक चॅपेल बांधले. आता जगभर बहुतेक ठिकाणी एकच साधी खोली असते, सर्वांची. माझ्यासारख्याला त्यात काहीतरी हरवते, हे मी लपवत नाही. जिथे पवित्र साक्रामेंत नाही तिथे आम्हां कॅथॉलिकांचे गुडघे सहज टेकत नाहीत. ही उणीव लहान नाही. तरीही आपल्या देशात मला तीच साधी खोली हवी आहे. प्रत्येकाला आपापले दार दिले, तर कोणते दार मोठे यावर आपण भांडू. आणि कुणा एकालाच दिले, तर त्या दाराला पुढे कुलूप लागेल.

२०२३ साली गुवाहाटी उच्च न्यायालयासमोर तिथल्या विमानतळावर नमाजासाठी खोली असावी अशी जनहित याचिका आली होती. असा मूलभूत हक्क नागरिकाला कुठून मिळतो, असे न्यायालयाने विचारले. प्रश्न रास्त होता. संविधानाचे पंचविसावे कलम मला धर्म आचरण्याचे स्वातंत्र्य देते. सरकारने मला खोली बांधून द्यावी असे ते म्हणत नाही. मी त्या जागी असतो तर बहुधा हेच विचारले असते. परंतु जे हक्काने मागता येत नाही ते द्यायचेच नाही, असे आपल्या मातीने कधी मानले नाही. धर्मशाळा कुणाच्या हक्काने उभ्या राहिल्या नाहीत. वाटेवरची पाणपोई कायद्याने घातली नव्हती. आपल्या गावांच्या तिठ्यांवरचे क्रूसही असेच. मुंबईच्या गावठाणांतील कित्येक क्रूस १८९६ च्या प्लेगच्या वेळी लोकांनी उभारले, आणि येणाराजाणारा, कुठल्याही धर्माचा, तिथे टेकतो. पळून चाललेल्या याकोबाला रात्र झाली तेव्हा त्याने वाटेवरचाच एक धोंडा उशाला घेतला, आणि तीच जागा पुढे बेथेल, देवाचे घर, झाली. ती काही त्याने प्रार्थनेसाठी निवडलेली नव्हती.

इथवर मी त्या मुलीच्या बाजूचा आहे : खोली असावी. पण ती कुठे असावी, यावर माझे त्या बैठकीतल्या कुणाशीच जुळत नाही, आणि त्याचे कारण दुसरा प्रसंग.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक तरुण आखातात कामावर असताना हृदयविकाराने गेला. पार्थिव आणायला त्याच्या कुटुंबाबरोबर मी गेलो. ज्यांच्यावर हा प्रसंग आलेला नाही त्यांना ठाऊक नसते, की माणूस जाताना प्रवाशांच्या दाराने जातो आणि असा परतला तर मालाच्या दाराने येतो. मृत्यूचा दाखला, शव टिकवण्यासाठी केलेल्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र, वकिलातीचे पत्र, रद्द केलेला पासपोर्ट, मालाची पावती : एकेक कागद एकेका खिडकीवर. रात्रीच्या दीडपासून सकाळच्या सातपर्यंत आम्ही मालगुदामाच्या फाटकाशी उभे होतो. आजूबाजूला ट्रक, खोकी, डिझेलचा धूर. मुलाची आई एका उलट्या क्रेटवर बसून होती. साडेतीनच्या सुमारास ती म्हणाली, "फादर, आपण रोझरी म्हणू या का?" आम्ही अकरा जण जवळ सरकलो. पहिले रहस्य संपण्याआधीच पहारेकरी आला आणि इथे गर्दी करू नका म्हणाला. त्याचे चुकले असे मी म्हणत नाही. त्याला तसाच हुकूम होता. आम्ही रस्ता ओलांडून चहाच्या टपरीमागे गेलो आणि तिथे राहिलेली रोझरी म्हटली. शवपेटी बाहेर आली तेव्हा तिच्यावर वजनाचे लेबल चिकटवलेले होते. ते आईला दिसू नये म्हणून मी माझा स्टोला त्यावर टाकला.

त्या विमानतळाच्या आत, सुरक्षा तपासणीच्या पलीकडे, प्रार्थनेची खोली होती की नाही हे मी पाहिले नाही. असती तरी आमच्या काय उपयोगाची? आपल्याकडे तिकिटाशिवाय इमारतीत पाऊल टाकता येत नाही. आत गेलेला प्रवासी निदान कुठेतरी पोचणार असतो. खरी प्रार्थना काचेच्या अलीकडे चाललेली असते. परदेशी जाणारी विमाने बहुधा मध्यरात्रीनंतर सुटतात. लोखंडी कठड्याला धरून बायका उभ्या असतात, म्हातारे पिशव्यांवर बसलेले असतात, चालक आणि हमाल गाडीच्या बॉनेटला टेकून डुलक्या घेत असतात. मुंबईचा विमानतळ ज्या सहार गावाच्या नावाने लोक वर्षानुवर्षे ओळखत आले, ते मुळात ईस्ट इंडियन ख्रिस्ती गावठाण. तिथे आरोग्यमातेचे चर्च आहे. जवळ चर्च आहेच की, असे कुणी म्हणेल. रात्री दोन वाजता, सामान आणि लहान मुले घेऊन, कुणी शोधत जावे?

म्हणून मला एक खोली बाहेर हवी, कठड्याच्या या बाजूला, आणि जमल्यास दुसरी मालगुदामापाशी. दहा माणसे उभी राहतील एवढी. चार बाके, पाण्याचा नळ, बंद होणारे दार. भिंतीवर काही नसले तरी चालेल. कुणी तिथे बूट काढून झोपले तर त्याला उठवू नये.

हिशेबी मुलाचे भाड्याचे गणित मला अजून सोडवता आलेले नाही. गेल्या महिन्यात त्यालाच दोह्याला नोकरी लागली. त्याला पोचवायला मीही गेलो होतो. दाराशी त्याने पारपत्र हातात घेतले आणि थांबला. "फादर, आशीर्वाद द्या ना." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याची आई त्याच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढत होती, तेवढ्यात मागून ट्रॉल्यांची लांबलचक रांग ढकलत आलेला माणूस म्हणाला, "जरा बाजूला व्हा." आम्ही बाजूला झालो. तिचा क्रूस अर्धाच राहिला होता. मुलगा पुन्हा तिच्यापुढे वाकला.