लोणारच्या काठाने, सायकलवरून

बुलढाणा जिल्ह्यातले लोणार बहुतेकांनी गाडीतून पाहिलेले असते. गाडी काठावर थांबते, मुले कठड्याकडे धावतात, फोटो निघतात आणि अर्ध्या तासात सगळे चहाच्या टपरीवर. त्यात वाईट काही नाही. पण गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे, म्हणजे नवरा-बायको, अकरावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा, चिखलीहून सायकली टेम्पोत घालून लोणारला खालाकडे तीन दिवस राहायला गेलो, आणि हा मुलूख सायकलवरून किती वेगळा दिसतो ते कळले. ज्यांच्या घरात सायकली आहेत त्यांच्यासाठी हे लिहीत आहोत.

पहिली सकाळ काठाची. फज्रची नमाज आटोपून निघालो तर उजाडता उजाडता विवराच्या कडेला पोहोचता येते. लोणारजवळ येताना रस्ता हळूहळू चढू लागतो. गाडीत हा चढ जाणवतही नाही. सायकलवर मांड्या लगेच सांगतात. हा चढ डोंगराचा नाही. उल्का आदळली तेव्हा आतला खडक फुटून बाहेर फेकला गेला आणि भोवती पसरला, त्याच ढिगाऱ्यावरून आपण पायडल मारत असतो. आजूबाजूच्या शेतांपेक्षा विवराची कड सुमारे वीस मीटर उंच आहे. मुलाला हे सांगितले तेव्हा तो सायकल थांबवून खालची माती बघू लागला.

विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. काळ्या बेसाल्ट खडकात उल्केने केलेले असे शाबूत विवर जगात फार दुर्मीळ आहे. मंगळावरही असाच खडक असल्याने तिथली विवरे समजून घेण्यासाठी शास्त्रज्ञ लोणारला येतात. वयाबद्दल दोन आकडे ऐकू येतात. पूर्वी पन्नास हजार वर्षे म्हणत, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीत ते सुमारे पाच लाख सत्तर हजार वर्षे निघाले. गावातल्या फलकांवर आणि पुस्तकांत अजून जुनाच आकडा भेटतो, तेव्हा मुलांनी विचारले तर दोन्ही सांगावेत.

कडेने जाणारी वाट सगळीकडे सायकलजोगी नाही. काही ठिकाणी उतरून ढकलत न्यावी लागते आणि खाली पाण्यापर्यंत जायचे ते पायीच. हे अभयारण्य आहे, दाट झाडी आहे, म्हणून वाटाड्या सोबत घ्यावा आणि दिवस कलण्याआधी वर यावे. पाणी खारे आणि साबणासारखे बुळबुळीत. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले होते ते आठवत असेल. क्षार वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे तो रंग आला, असे तपासणीत निघाले. त्याच वर्षी सरोवराला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. आम्हाला मात्र जास्त गंमत वाटली ती जुन्या नोंदीची. अकबराच्या काळात अबुल फजलने लिहिलेल्या ‘आईन-ए-अकबरी’त लोणारचा उल्लेख आहे, आणि तो साबण व काच करण्याच्या मालासाठी! म्हणजे चारशे वर्षांपूर्वी दिल्ली-आग्र्याच्या दरबाराला हे विवर कारखान्याच्या मालाचे ठिकाण म्हणून माहीत होते.

परतताना मुलाचे चाक बसले. इथल्या बांधाबांधावर बाभळी आहेत आणि त्यांचा काटा टायरातून आरपार जातो. सोल्युशन, रबराचे तुकडे, कानस आणि हातपंप जवळ ठेवल्याशिवाय या रस्त्यांवर निघूच नये. आमच्याकडे सगळे होते, तरी ट्यूबमधले दुसरे भोक सापडेना. अखेर रस्त्याकडेच्या दुकानातल्या चाचांनी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून दोन मिनिटांत बुडबुडे दाखवले. ‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या लोकांना टोमणा म्हणून मारणाऱ्यांनी कधीतरी भर उन्हात बसके चाक ढकलत चार किलोमीटर चालून पाहावे.

दुसरा दिवस मेहकरचा. लोणारहून सुलतानपूर सुमारे बारा किलोमीटर, तिथून साधारण तेवढेच मेहकर. आदल्या रात्री जेवताना खालूंनी ताट बाजूला सारले आणि म्हणाले, “पोराला न्या. पोरीला कशाला? अकरावीची मुलगी, मोठ्या रस्त्यावर सायकल... गावातले चार लोक विचारतील मला.” त्यांचे बोलणे काळजीचे होते, आणि काळजी खोटीही नव्हती. रस्त्यावर ट्रक असतात, उसाच्या ट्रॉल्या असतात. आम्ही वाद घातला नाही. सकाळी लवकर निघू, तुम्हीही चला, एवढेच म्हणालो. ते मोटारसायकल घेऊन मागे आले.

शनिवार होता, सकाळची शाळा. थोडे पुढे गेल्यावर गावागावांतून मुली रस्त्यावर येऊ लागल्या. निळे गणवेश, कुणाची वेणी, कुणाचा रुमाल डोक्याला घट्ट बांधलेला, हँडलला डबा. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. शाळा गावात नसेल तर पाच किलोमीटरपर्यंतचा रस्ता त्या सायकलनेच कापतात. त्यांतल्या दोघी आमच्या मुलीच्या बरोबरीने बोलत बोलत दोन किलोमीटर आल्या. त्यांना कुणी काही विचारत नव्हते, कारण त्या शाळेत चालल्या होत्या. बारावी झाली की ही सायकल धाकट्या भावाकडे जाते, हे आपल्या बहुतेक घरांत चालते. शाळेसाठी चालणारे चाक हवा खाण्यासाठी, नदी पाहण्यासाठी चालवले तर मात्र गावाला प्रश्न पडतो.

सुलतानपूरला खालूंनी चहा पाजला. तिथून ते परत फिरले. जाताना म्हणाले, “पुढं तुम्ही जा. पोरगी माझ्यापेक्षा सरळ चालवते.”

पुढचा रस्ता चढउतारांचा, पण जीव घेणारा नाही. दोन्ही बाजूंना हरभरा, तूर, वेचणीला आलेला कापूस. मेहकर पैनगंगेच्या काठी आहे. मोगलाईत वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे हे मुख्य ठिकाण. मोमिन विणकरांची इथली वस्तीही फार जुनी. नदीकाठी बसून डबा खाल्ला, जोहर मशिदीत झाली. परतीचा वारा तोंडावर होता, त्यामुळे दीडपट वेळ लागला. अंतर ठरवताना हे धरावे.

ज्यांना पाऊणशे किलोमीटरची सवय आहे त्यांनी मेहकरहून साखरखेर्ड्याला जावे. तिथे १७२४ च्या ऑक्टोबरात निजाम-उल-मुल्कने मुबारिज खानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया पडला. गावाचे नाव त्यानंतर फतेहखेर्डा झाले, पण लोकांच्या तोंडी जुनेच राहिले. सोळाव्या शतकातली छोटी दगडी मशीद तिथे आहे. आमची मजल या खेपेला तिथवर गेली नाही. मुलीने मात्र नकाशावर खूण करून ठेवली आहे, आणि ती सायकल कुणाला द्यायची ही चर्चा आता घरात निघत नाही.

सिंदखेडराजाचा रस्ता सुलतानपूरहून बीबी, दुसरबीडवरून जातो. राहेरीजवळ खडकपूर्णेचा पूल लागतो. लोणारपासून अंतर पन्नासच्या आसपास, तेव्हा एक रात्र तिकडेच राहावी. जवळून समृद्धी महामार्ग जातो, त्यावर सायकलींना बंदी आहे. जुना रस्ताच आपला. सिंदखेडला जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजीराव जाधवांची समाधी आणि मोती तलाव जरूर पाहावा. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जयंतीची मोठी गर्दी असते, रस्ते वाहनांनी भरलेले असतात. त्या दिवशी मुलांना घेऊन सायकलने जाऊ नये. एरवी ऑक्टोबर अखेर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. पावसाळ्यात कच्च्या वाटेला उतरलात तर काळी माती मडगार्डात घट्ट बसते आणि चाक फिरत नाही. काडी जवळ ठेवावी. उन्हाळ्यात तर नावच काढू नये. पाण्याच्या बाटल्या सुलतानपूरलाच भरून घ्याव्यात.