वॉरम पर्सीच्या गावठाणात

यॉर्कशायरमधल्या माल्टन या बाजारगावाहून निघालं की रस्ता वोल्ड्सच्या खडूच्या टेकड्यांवर चढतो. गाडी वर ठेवून उतारानं पाऊण मैल चाललं की वॉरम पर्सी येतं. येतं म्हणजे काय, कुरण येतं! चरणाऱ्या गाई, छप्पर नसलेलं एक चर्च, शेजारी तळं आणि बाकी सगळं गवत. गाव कुठंय म्हणून विचारावं, तर माणूस नाही.

ऊन कललं आणि गाव दिसायला लागलं. गवताखालच्या उंचवट्यांच्या सावल्या पडल्या. हा खोलगट पट्टा म्हणजे गावचा रस्ता. त्याच्या कडेनं ओळीनं घरांची जोती, मागे लांबट परसं, वर जमीनदारांच्या दोन वाड्यांच्या जागा. चाळीसेक घरांचा नकाशा कुणी हिरव्या चादरीखाली ठेवून दिल्यासारखा. मी एका जोत्यावर उभा राहिलो आणि उगाचच चपला काढाव्यात की काय असं वाटून गेलं.

हे गाव जगाला दाखवलं मॉरिस बेरेसफर्ड या माणसानं. तो आर्थिक इतिहासाचा अभ्यासक, पुरातत्त्वज्ञ नव्हेच. जुने कागद वाचता वाचता त्याला उठून गेलेल्या गावांचा नाद लागला. इंग्लंडात अशी गावं फारशी नाहीतच, असं तेव्हाचे जाणते इतिहासकार सांगत. आज त्यांचा आकडा 3,000 च्या पुढे गेला आहे. 1950 मध्ये त्यानं इथं खणायला सुरुवात केली, पुढे जॉन हर्स्ट हा पुरातत्त्वज्ञ येऊन मिळाला आणि 1990 पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं, उन्हाळा आला की ही मंडळी फावडी घेऊन हजर. ना सोनं, ना राजाची कबर. कुळांची घरं खणायची! चर खणून भिंतींचा माग काढण्याऐवजी अख्ख्या घराची जागा एकदम उघडी करायची, ही पद्धत इंग्लंडात रुळली त्यात या गावाचा मोठा वाटा आहे.

सापडलं काय? मला सगळ्यात विलक्षण वाटली ती घरांची जमीन. इथल्या बायका (झाडू बायकांच्याच हातात असणार, हे मी गृहीत धरतो) घर इतकं झाडत की जमीन झिजून मधोमध खोलगट झाली होती. आपल्याकडे सारवून सारवून जमीन चढते, इथं झाडून झाडून खाली गेली. मध्ययुगातला युरोपीय शेतकरी म्हणजे घाणीत लोळणारा, हे चित्र मी तिथंच पुसून टाकलं.

चर्चभोवतीच्या दफनभूमीतून सातशेच्या आसपास सांगाडे निघाले. एका पुरुषाच्या डोक्यावर जबर प्रहार झाला होता. त्याच्या कवटीची शस्त्रक्रिया झालेली आणि जखम भरून आलेली! अकराव्या शतकाच्या आगेमागे, आडगावातल्या शेतकऱ्यावर. दुसरीकडे मुलांची हाडं सांगतात की वाढ खुंटलेली होती. दहा वर्षांचं पोर आजच्या पोरापेक्षा वीतभर तरी बुटकं.

आणि एक भयंकर गोष्ट. घरांमधल्या खड्ड्यांत किमान दहा जणांची 137 हाडं मिळाली, तोडलेली, सुरीचे वार झालेली, जाळलेली. दुष्काळात माणसं माणसांना खात होती का? पण सुरीचे वार मांस काढायच्या जागी नव्हेत, डोक्याच्या आणि मानेच्या भागावर जास्त. शिवाय दातांच्या तपासणीत ही माणसं इथलीच निघाली, म्हणजे परक्यांवरचा राग नव्हे. मेलेला उठून गावात फिरू नये म्हणून त्याचा बंदोबस्त केला असावा, असं 2017 मध्ये संशोधकांनी मांडलं. पुरून झालं तरी गावाला धीर नव्हता.

मग गाव गेलं कशानं? वाटाडे लोक प्लेगचं नाव घेतात, कारण ते सोपं असतं. 1349 च्या साथीनं माणसं मेली, हे खरं. पण 1368 मध्येही तीसेक घरं नांदती होती. गाव संपलं ते 1500 च्या सुमारास, लोकरीच्या भावानं. नांगरापेक्षा मेंढी मालकाला परवडत होती. 1517 च्या सरकारी चौकशीत नोंद आहे: इथं चार नांगर बंद पाडले, चार घरं पडू दिली. मालकाचं नाव बॅरन हिल्टन. साथीला दोष दिला की मालक सुटतो, म्हणून हे नाव मुद्दाम लिहितो.

चर्च मात्र टिकलं, कारण आसपासची गावंही तिथंच येत. त्याच्या भिंतीत बुजवलेल्या कमानी आहेत. वस्ती वाढली तेव्हा बाजूला दालनं काढली, घटली तेव्हा ती पाडून कमानी दगडांनी बंद केल्या. गावाची खानेसुमारीच ती. 1870 मध्ये थिक्सेंडेल गावाला स्वतःचं चर्च मिळालं आणि इथली वर्दळ आटली. 1949 नंतर प्रार्थना थांबली, 1959 मध्ये अर्धा मनोरा कोसळला.

तिकीट नाही, दुकान नाही, चहा तर नाहीच. जाणार असाल तर गवत कमी असताना, हिवाळ्यातल्या तिरप्या उन्हात जा, नाहीतर गाव दिसणार नाही. आणि गमबूट घाला. वाटेवर चिखल असतो आणि गाई बाजूला होत नाहीत.