मध्यावरची गाठ

बांबू चिरताना सुरी गाठीपाशी आली की हात आपोआप हळू होतो. पेरातून ती सरसर जाते. गाठीत मात्र तंतू आडवेतिडवे वळलेले. घाई केली की कामटी एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला बारीक निघते. त्यात अहेरीच्या जंगलातला बांबू आतून जवळजवळ भरीव. म्हणून सुपासाठी आम्ही लांब पेरांचा कोवळा बांबू बघतो आणि राहिलेली गाठ तासून सपाट करतो. बाजारात बाई सुपाच्या आतून बोट फिरवते, गाठ लागली की भाव पाडते. तिचं बरोबरच आहे, पाखडताना दाणा तिथेच अडतो.

म्हणूनच सेन नो रिक्यूचं काम मला इतकं भिडतं. 16व्या शतकातला हा जपानी चहाविधीचा आचार्य. चहाची पूड काढायचा चमचा म्हणजे टोकाशी शेकून वाकवलेली चिंचोळी पट्टी. आधी हे चमचे हस्तिदंताचे असत. बांबूचे होऊ लागले तेव्हाही गाठ टाळत, नाहीतर शेवटाला ठेवत. रिक्यूने ती मध्यावर आणली. जिथे सुरी चुकायची भीती सगळ्यांत जास्त, नेमकी तीच जागा नजरेसमोर! सुरीवर विश्वास असल्याशिवाय हे धाडस होत नाही.

चहा झाल्यावर पाहुणे तो चमचा मागून घेतात, वाकून न्याहाळतात, कोणी घडवला ते विचारतात. हा विधीचाच भाग. आमच्याकडेही बांबूवाचून विधी अडतात: लग्नात लाह्यांना सूप लागतं, मेल्यावर तिरडी. पण सूप कोणी विणलं हे मांडवात कोणी विचारत नाही. याचं मला वाईट वाटतं.

1591 साली जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याने रिक्यूला स्वतःचं पोट चिरून मरण्याची आज्ञा दिली. मरण्याआधी रिक्यूने एक चमचा तासला. तो शिष्य फुरुता ओरिबेकडे गेला. ओरिबेने चमच्यासाठी खिडकी ठेवलेली नळी केली आणि गुरूच्या स्मृतिफलकासारखी ती पूजली, असं सांगतात. ‘अश्रू’ नावाचा तो चमचा आज नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात आहे. मरण दाराशी असताना माणूस बांबू तासायला बसतो, यात मला नवल वाटत नाही. तासताना हात थरथरला तर चालत नाही, म्हणून मनही थाऱ्यावर येतं.

शिकायला येणाऱ्या पोरांना मी आता सोपं पेर आधी देत नाही, गाठीचा तुकडा देतो. आणि सूप विकायला बसाल तेव्हा कोणी विचारो न विचारो, ‘हे मी विणलंय’ असं सांगा म्हणतो.