डब्यातला चा

मागच्या शनिवारी सकाळी मी चहा आणि पेपर घेऊन बाल्कनीत बसलो होतो. आठवडाभर रिलीजच्या नादात झोपेचं खोबरं झालेलं, त्यामुळे आज काडीही हलवायची नाही असा पक्का बेत. तेवढ्यात आमची लेक (इयत्ता नववी) आली आणि तिने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. उंच ग्लास, खाली लाल, मध्ये पांढरं, वर गडद हिरवं.

"कुठल्या देशाचा झेंडा?" मी विचारलं.

"बाबा! स्ट्रॉबेरी आइस्ड माचा आहे तो. आम्ही मैत्रिणी संध्याकाळी जाणार आहोत. तीनशे ऐंशी फक्त."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज, "मामाचं काय मध्येच? बरा आहे ना तो?"

मामा बरा आहे आणि हा माचा आहे हे आईला समजावण्यात पाच मिनिटं गेली. मग मी ते वाक्य बोललो, जे मराठी बाप पिढ्यान्‌पिढ्या बोलत आलेत. "तीनशे ऐंशी? अगं हे आपण घरी चाळीस रुपयांत करू!"

वर फुशारकीही मारली. मी टोकियोत दोन वर्षं काढलीत, २०१३ ते २०१५, ऑनसाइट. निशी-कासाईत राहायचो, जिथे निम्म्या आयटीवाल्यांचा मुक्काम असतो. माचा मला कुणी शिकवायची गरज नाही! लेकीने ज्या नजरेने माझ्याकडे बघितलं ती नजर नववीतल्या मुलीच करू जाणोत.

"मग विकत कशाला आणतोस?" आई हात पुसत बाहेर आली. "शोकेसमध्ये आहे की तुझाच डबा. ह्यांनी ठेवलेला."

शोकेस म्हणजे हॉलमधलं काचेचं कपाट. त्यात लाकडी गणपती, लेकीच्या बालवाडीतल्या ट्रॉफ्या, न वापरलेला टी-सेट आणि 'परदेशातून आलेल्या' वस्तू. मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, वर रबर लावलेला एक छोटा डबा निघाला. रबर हात लावताच तुटला. डब्यावर अण्णांच्या तिरक्या अक्षरात चिकटपट्टी होती. 'जपानचा चा. दिवाळी २०१४.'

अण्णा मूळचे वाईकडचे. चहाला आयुष्यभर 'चा'च म्हणाले. पुण्यात चाळीस वर्षं नोकरी करूनही त्यात 'ह' काही शिरला नाही. मला कॉलेजात असताना त्याची लाज वाटायची. गंमत म्हणजे जपानी माणूसही चहाला 'चा'च म्हणतो. माचा म्हणजे 'भुकटी केलेला चा'. दोघांचंही मूळ चिनी शब्दात आहे. म्हणजे अण्णांचा उच्चार माझ्यापेक्षा अस्सल होता :)

मी झाकण उघडलं. आतलं सील फोडलेलं होतं, पण पावडर जवळजवळ काठोकाठ. हिरवी मात्र नव्हती. तपकिरी, मळकट, पावसात भिजून वाळलेल्या वैरणीसारखी. वासही तसाच.

"वाया गेला सगळा," मी म्हणालो. जरा चिडूनच. उत्तम माचा होता हो! आमच्या टीममधल्या एका बुजुर्ग सहकाऱ्याने स्वतः दुकानात नेऊन घेऊन दिला होता.

आता थोडं तांत्रिक. हे झुडूप आपल्या आसाम-दार्जिलिंगच्या चहाचंच भावंडं. फरक वागवण्यात आहे. माचासाठीच्या झाडांवर खुडणीआधी साधारण तीन आठवडे सावली धरतात. ऊन कमी मिळालं की पानात हरितद्रव्य वाढतं, रंग गडद होतो आणि चवीत ती गोडसर-मऊ झाक येते. मग पानं वाफवतात, वाळवतात, देठ-शिरा काढतात आणि उरलेलं दगडी जात्यात दळतात. एक जातं तासाभरात जेमतेम ३०-४० ग्रॅम दळतं. जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि वास मरतो. त्यामुळे चांगला माचा पैदा व्हायला वेळ लागतो. २०२४ मध्ये जगभर मागणी इतकी वाढली, की क्योतोकडच्या नामांकित जुन्या दुकानांना खरेदीवर मर्यादा घालावी लागली.

आणि इतकं करून बनतं काय, तर हवा, उजेड, उष्णता, दमट यापैकी काहीही न सोसणारी वस्तू. एकदा डबा फोडला की महिना-दोन महिन्यांत संपवायचा. पुण्याचे अकरा पावसाळे शोकेसमध्ये काढायची ही चीज नव्हे.

असो. दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या अ‍ॅपवरून नवा डबा मागवला. ३० ग्रॅम, बाराशे रुपये. एका ग्लासला २ ग्रॅम म्हणजे नुसती पावडर ८० रुपयांची. लेकीने माझ्या 'चाळीस रुपयां'ची आठवण करून दिली. मी विषय बदलला.

पहिला प्रयोग. उकळतं पाणी, पावडर, मिक्सर. ज्यांनी मिक्सरच्या बंद भांड्यात कधी गरम पाणी घातलंय त्यांना पुढचं सांगायला नको. झाकण उडालं. ओटा हिरवा, टाइल्स हिरव्या, माझा चष्मा हिरवा. आई काही बोलली नाही, फक्त फडकं पुढे केलं. भांड्यात जे उरलं होतं ते कडूजहर.

दुसरा प्रयोग. पाणी निवू दिलं, आईची ताकाची छोटी रवी घेतली. रवीने गुठळ्या फुटल्या नाहीत, नुसत्या फिरत राहिल्या. स्ट्रॉबेरीच्या फोडी तशाच ग्लासात टाकल्या होत्या, त्या आंबट त्या आंबटच. बर्फ वितळून सगळ्याचं पाणी. लेक म्हणाली, "बाबा, अजून साडेसहाला निघता येईल आम्हाला."

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर बग कुठे आहे ते कळत नाही. तर चार वाजेपर्यंत जे जमलं ते असं:

स्ट्रॉबेरी पाच-सहा, पिकलेल्या. फोडी करून दोन चमचे साखर घालून अर्धा तास झाकून ठेवा. साखर आतला रस बाहेर ओढून घेते, गॅस पेटवावा लागत नाही. मग पावभाजीच्या मॅशरने दाबा. हा गर ग्लासच्या तळाला. त्यात साखर असल्याने तो जड होऊन खालीच बसतो; ते थर वगैरे दिसतात त्याचं गुपित एवढंच. वर ग्लास भरून बर्फ. त्यावर फ्रीजमधलं गार दूध, पाऊण ग्लास होईपर्यंत.

माचा एक सपाट छोटा चमचा, चहाच्या गाळणीने वाटीत चाळून घ्या. ही पायरी गाळू नका, सगळ्या गुठळ्यांचं मूळ इथे आहे. पाणी उकळून पाच-सात मिनिटं निवलेलं, ७०-८० अंशांचं. जास्त गरम पाण्यात कडूपणा जास्त उतरतो. अर्धी वाटीपेक्षा कमीच पाणी, आणि बांबूची जपानी रवी नसेल तर कॉफी फेसायचं ते बॅटरीवालं यंत्र. फेस आला की चमच्याच्या पाठीवरून हळूच दुधावर सोडा.

दोन सूचना. लिंबू, संत्रं दुधात नको, फाटतं. अननसाने दूध कडू होतं. ही फळं वापरायची तर दुधाऐवजी गार पाणी किंवा शहाळ्याचं पाणी घ्या. आणि हे सरबत नाही, यात कॅफीन आहे. एका ग्लासात कपभर चहापेक्षा जास्तच निघेल. लेकीला मी अर्धाच चमचा घातला आणि संध्याकाळनंतर बंदी.

चौथा ग्लास झेंड्यासारखा दिसला. लेकीने आधी फोटो काढला, मग प्यायली, मग म्हणाली, "ओके आहे." नववीत 'ओके' म्हणजे काय असतं ते ज्यांच्या घरी नववी आहे त्यांनाच कळेल. कॅफेत मात्र ती गेलीच. चालायचंच.

ती गेल्यावर आई आणि मी उरलो. ओट्यावर तो जुना डबा तसाच पडलेला. मी पुन्हा म्हणालो, "अण्णांनी प्यायला हवा होता गं. जपून ठेवायची सवय. चांगल्या प्रसंगाला काढू, चांगल्या प्रसंगाला काढू..."

"प्यायले होते की," आई म्हणाली. "तू परत गेलास त्याच्या दुसऱ्या दिवशी. चमचाभर घेतला, दूध-साखर घालून उकळला माझ्यासारखा. वर गोळे तरंगायला लागले. म्हणाले, माझंच काहीतरी चुकतंय, तो आला की विचारू. आणि ठेवून दिला."

मी गप्प.

"मग येईल त्याला दाखवायचे. पेपरवाल्या पोराला सुद्धा. 'पोरानं जपानहून चा आणलाय.' कुणी म्हटलं पाजा की, तर म्हणायचे, पोरगा आला की तो करेल, त्याला येतो."

२०१५ ला मी कायमचा परत आलो. अण्णा २०१७ मध्ये गेले. मधली दोन वर्षं मी याच घरात होतो, त्या शोकेससमोरच्या सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसायचो. अण्णांनी विचारलं नाही. किंवा विचारलं असेल, 'अरे त्या चाचं काय करायचं?' असं, आणि मी 'हो, करू' म्हणालो असेन. मला आठवत नाही, आणि तेच जास्त लागतं.

टोकियोतल्या त्या बुजुर्ग सहकाऱ्याने मला डबा घेऊन दिला, पण त्याआधी एका शनिवारी घरी बोलावून स्वतः करून पाजला होता. चाळणं, पाणी निववणं, मनगट सैल ठेवून घुसळणं, सगळं माझ्याकडून दोनदा करून घेतलं. तेव्हा त्यांनी 'इचिगो इचिए' हा चहाच्या समारंभातला शब्द सांगितला होता. ही भेट आयुष्यात एकदाच, पुन्हा अशीच होणार नाही, असा काहीसा अर्थ. मी नवशिका, मला वाटलं स्ट्रॉबेरीबद्दल काहीतरी आहे, कारण जपानीत स्ट्रॉबेरीलाही 'इचिगो'च म्हणतात. लिहितात वेगळं, ऐकू सारखंच येतं. ते खूप हसले होते. ती गोष्ट मी पुढे दहा जणांना सांगितली. अण्णांना सांगितली की नाही, कोण जाणे.

म्हणजे डबा खराब झाला तो अण्णांच्या जपून ठेवण्याने नाही. मी त्यांना नुसता डबा दिला होता. चा द्यायचा राहिला. दहा मिनिटांचं काम होतं.

आईसाठी ग्लास केला. तिला बर्फ चालत नाही म्हणून बिनबर्फाचा, साखर कमी. लेकीने करून बघायचं म्हणून रविवारी परत हट्ट धरला, तेव्हा मी फक्त शेजारी उभा राहिलो. पहिल्यांदा तिच्याही गुठळ्या झाल्या. दुसऱ्यांदा नाही झाल्या.

आई दोन घोट घेऊन म्हणाली, "स्ट्रॉबेरी चांगली आहे." हिरव्या भागाबद्दल तिने मौन पाळलं. मग जुना डबा उचलला, आतली पावडर कुंडीत मोगऱ्याला घातली आणि डबा धुवायला घेतला. वेलदोडे ठेवायला बरा आहे म्हणाली. चिकटपट्टी तेवढी भिजू दिली नाही.

आता आमच्याकडे रोजच्या चहात वेलदोडा पडतो तो 'जपानचा चा, दिवाळी २०१४' मधून.

स्ट्रॉबेरी संपत आलीय. पुढचा प्रयोग एप्रिलमध्ये, हापूसवर. आईने आत्ताच बजावून ठेवलंय की आमरसात ते हिरवं घालायचं नाही. बघू.