माडीवरचा अँटेना

माझ्या माहेरच्या माडीवर एक लोखंडी पाइप उभा होता आणि त्याच्या टोकाला आडव्या गजांचा अँटेना. परवाच्या दिवाळीत तो खाली उतरवला. भंगारवाल्यानं हातात तोलून बाजूला टाकावी अशी ती वस्तू. पण आमच्या घरात तिनं जे काम केलं, ते भावकीच्या पंचांनाही जमलं नव्हतं. तेच आज सांगायचं आहे.

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. रान बहुतेक कोरडवाहू. विहिरीच्या पाण्यावर थोडा वाटाणा, अंजीर आणि सीताफळीची बाग. १९८३ साली माझे वडील आप्पा आणि धाकटे काका नाना यांची वाटणी झाली. जमीन वाटली, बैल वाटले, तांब्या-पितळेची भांडी वाटली. विहीर काही वाटता येईना, म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरल्या. त्याच पाळ्यांवरून पुढच्या उन्हाळ्यात दोघा भावांचं बिनसलं आणि बोलणं बंद झालं. वाड्याच्या मधोमध भिंत आली. पुढची ओटी आणि पत्र्याची पडवी आमच्याकडे राहिली, माडी नानांच्या वाट्याला गेली.

१९८५ साली अंजिराचे पैसे बरे आले. आप्पा पुण्याला गेले आणि येताना काळा-पांढरा टीव्ही घेऊन आले. लाकडी पेटी, पुढं सरकती दारं. आईनं त्याला हळदीकुंकू वाहिलं. मुंबईचं दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं होतं आणि १९७३ पासून सिंहगडावरच्या केंद्रामुळं ते पुण्याच्या भागातही दिसत होतं. सिंहगड आम्हांला मावळतीला. तेव्हा आप्पांना वाटलं, गड एवढा जवळ, मग काय अडचण? पत्र्यावर अँटेना बांधला, बटण फिरवलं, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज.

सासवडहून मेकॅनिक आला. त्यानं अँटेना हातात धरून आम्हां पोरांना समजावलं. "ह्यो मागचा गज सगळ्यात लांब. आरशावानी लाट पुढं परतवतो. त्याच्या पुढचा ह्यो दुमडलेला, ह्योच लाट धरतो. टीव्हीची वायर ह्यालाच. आन् पुढचे आखूड गज लाटेला वाट दावत्यात. म्हून आखूड बाजू कायम गडाकडं पायजे." मग त्यानं डोंगराच्या सोंडेकडं बोट केलं. "ही लाट उजेडावानी सरळ चालती. डोंगर आडवा आला की सावली पडती. तुमचं घर त्या सावलीत हाय. उंची पायजे." एवढं बोलून तो भिंतीपलीकडच्या माडीकडं बघत राहिला. आप्पांनी मान खाली घातली.

असा अँटेना जपानमध्ये यागी आणि उदा या दोघांनी १९२६ साली जगापुढं मांडला, हे मी पुष्कळ वर्षांनी वाचलं. लोक त्याला यागी अँटेना म्हणतात; उदाचं नाव मागं राहतं. दोघांच्या कष्टात एकाचंच नाव पुढं येतं, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घराला काही नवी नाही.

माडीचा प्रश्न सोडवला तो बायकांनी. परसातल्या भिंतीत आई आणि काकूंनी एक वीट सैल करून ठेवली होती. विरजण, मीठ, काड्यापेटी त्यातून जात-येत असे. त्याच वाटेनं आईनं शब्द टाकला. दोन दिवसांनी काकूंनी निरोप दिला, "हे म्हणत्यात, पोरांसाठी लावा. पर माडीवर दुसऱ्या कुणी चढायचं न्हाई. फिरवायचा असंल तर मीच फिरवीन."

अँटेना माडीवर चढला. चपटी वायर भिंतीवरून आमच्या ओटीवर आली. मेकॅनिकनं बजावलं होतं, की ही वायर पत्र्याला टेकू द्यायची नाही, लाकडी पट्टीवर अधांतरी ठेवायची. तेही नानांनीच नीट केलं.

आणि मग माझी नोकरी सुरू झाली. नाना माडीवर, आप्पा टीव्हीपुढं, आणि दोघांच्या मध्ये अंगणाच्या दारात मी, दहा वर्षांची. दोघांनाही एकमेकांचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. तरी आप्पा मला म्हणायचे, "काकाला सांग, थोडा डाव्या अंगाला घे म्हणावं." मी ओरडायची, "काका, डाव्या अंगाला!" वरून नाना म्हणायचे, "तुझ्या बापाला इचार, आलं का?" मी आत वळायची, "आप्पा, आलं का?" "आलं… आलं… गेलं!" "काका, गेलं!"

कधी चित्र यायचं, पण एका माणसाची दोन माणसं दिसायची. बातम्या देणाऱ्याच्या मागं त्याचीच फिकट सावली. मेकॅनिक म्हणाला होता, की लाट डोंगरावर आपटून उशिरा पोचते, म्हणून दुसरी आकृती दिसते. अशा वेळी चित्र किती ठळक आहे ते बघायचं नाही. दुसरी आकृती जाईपर्यंत अँटेना फिरवायचा, चित्र थोडं फिकं पडलं तरी चालेल. हे नानांना बरोबर उमगलं होतं. बोटभर इकडं, बोटभर तिकडं करून ते चित्र स्वच्छ आणायचे. पण खाली येऊन ते चित्र त्यांनी कधी पाहिलं नाही. काकू आणि पोरं यायची. 'आमची माती आमची माणसं' लागलं, की आप्पा आवाज मुद्दाम मोठा करायचे. भिंतीपलीकडं ऐकू जावा म्हणून, हे मला फार उशिरा कळलं.

१९८६ च्या मे महिन्यात, मृगाच्या आधी, वळीव आला. संध्याकाळची वेळ. आधी धुळीचा लोट, मग वारा. माडीवरच्या खांबाचा ताण तुटला आणि खांब आमच्या पडवीच्या पत्र्यावर कलला. पत्र्याखाली आम्ही सगळी पोरं होतो. एवढ्यात पाहिलं, तर नाना कौलांवर चढलेले, एका हातानं खांब धरलेला, दुसऱ्या हातानं तार ओढताहेत. डोंगरावर वीज लखलखली. विजा चमकत असताना अँटेन्याच्या खांबाजवळ जायचं नसतं, टीव्हीची वायरसुद्धा काढून ठेवायची असते, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आप्पा अंगणात धावले. मी सवयीनं दारात उभी होते. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. वर तोंड करून ते ओरडले, "धाकल्या, सोड तो खांब! खाली उतर! मरशील!"

वरून आवाज आला, "दादा, पोरं हायेत खाली! आधी पोरं काढ! तवर धरतो!"

आप्पांनी आम्हांला ओढून ओटीवर नेलं आणि परत अंगणात धावले. "काढली! आता सोड, धाकल्या!" खांब पत्र्यावर धाडकन आदळला. नाना भिजत, थरथरत जिन्यानं खाली आले. आप्पा भिंतीला वळसा घालून त्यांच्या दारात गेले. काय बोलले ते मला ठाऊक नाही. आई मात्र चुलीवर चहा ठेवत होती आणि कप मोजताना दोन जास्त घेत होती.

विहिरीचं भांडण त्यानंतरही दोन वर्षं चाललं. पण ते बोलून चाललं. जानेवारी १९८७ मध्ये दर रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं, तेव्हा आमच्या ओटीवर अर्धी आळी बसायची आणि सगळ्यात पुढं घोंगडीवर आप्पा आणि नाना. मधेच चित्र हललं, की नाना उठून माडीवर जायचे आणि आप्पा स्वतः ओरडायचे, "आलं रे… गेलं… आलं! राहू दे!" माझी नोकरी गेली, याचं मला तेव्हा वाईट वाटलं होतं!

पुढं माझं लग्न झालं. आप्पा गेले. घरात छत्री आली. तिचं तोंड आग्नेयेला, आभाळातल्या उपग्रहाकडं. ती एकदा बसवली की फिरवायला कुणी लागत नाही. दूरदर्शनची मोफत छत्री-सेवा डिसेंबर २००४ पासून मिळू लागली आणि जुनी प्रक्षेपण केंद्रं हळूहळू बंद होत गेली. २०२२ पर्यंत त्यांतली बहुतेक थांबली. मी जुन्याचे गोडवे गाणार नाही. मुंग्या बघून डोळे शिणायचे, ते आता नाही. दुर्गम वाडीवरही चित्र स्वच्छ येतं, हे चांगलंच झालं.

परवा भाऊबिजेला माहेरी गेले, तर माझा भाऊ आणि चुलतभाऊ यांची बोलाचाली बंद. बांधावरच्या वाटेनं ट्रॅक्टर न्यायचा की नाही, यावरून. दोन घरं, दोन छत्र्या, प्रत्येकाच्या हातात फोन. कुणाला कुणाची गरज नाही. आई, काकू कुणी राहिल्या नाहीत. भिंतीतली वीट कधीच सिमेंटनं लिंपून टाकलेली.

नाना आता पंच्याहत्तरीच्या पुढं आहेत. चहा झाल्यावर दोघांना हाक मारून म्हणाले, "माडीवरचा खांब उतरवून द्या. गंजलाय, कुणाच्या डोक्यात पडंल. एकट्याचं काम न्हाई ते."

चुलतभाऊ वर चढला, भाऊ खाली दोर धरून उभा राहिला. मी दारात. थोड्या वेळानं भाऊ मला म्हणाला, "आक्का, त्याला सांग, डावीकडचा नट आधी सोड."

मी म्हणाले, "मी नाही सांगणार. ती नोकरी मी कधीच सोडली. तुझं तू सांग."

नाना बाजेवर बसून गालात हसत होते. जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग भावानं वर पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाला, "डावीकडचा सोड आधी. मी धरलाय."

"धर घट्ट. येतोय," वरून उत्तर आलं.

ट्रॅक्टरच्या वाटेचा निकाल अजून लागलेला नाही. पण त्या दिवशी मी चहाला दोन कप जास्त मोजले.