लॅसिकनंतरचे कोरडे डोळे

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लेसरने ज्या शस्त्रक्रिया केल्या जातात, त्यांत लॅसिक सर्वांत प्रचलित आहे. ती कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर केली जाते. या पडद्याची जाडी मध्यभागी सरासरी ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून थोडीच जास्त असते. शस्त्रक्रियेत त्याचा सुमारे ११० मायक्रॉन जाडीचा गोल पापुद्रा कापतात, एका कडेला तो जोडलेलाच ठेवतात आणि पुस्तकाच्या पानासारखा उलटतात. खालच्या थरातून १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेसरने ठरलेल्या मापाचे ऊतक काढले जाते आणि पापुद्रा जागेवर बसवला जातो. टाके घालावे लागत नाहीत. उणे ५ नंबर घालवण्यासाठी साधारण ६० ते ७० मायक्रॉन ऊतक काढावे लागते. एक्सायमर लेसरने आजूबाजूचा भाग न भाजता प्राणिज ऊतक कोरता येते, हे १९८१ मध्ये रंगस्वामी श्रीनिवासन आणि आयबीएममधील त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले. त्या शोधातून ही शस्त्रक्रिया पुढे शक्य झाली.

प्रस्तुत लेखिकेवर ही शस्त्रक्रिया पुण्यात, वयाच्या ३३व्या वर्षी, नोव्हेंबर महिन्यात झाली. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ५.२५ आणि डाव्याचा उणे ४.७५ होता. व्यवसाय मुद्रितशोधनाचा, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यावरचा मजकूर वाचण्याचा. त्याआधी नऊ वर्षे कॉन्टॅक्ट लेन्सचा वापर होता आणि शेवटची दोन वर्षे त्या दुपारनंतर डोळ्यांत खुपू लागल्या होत्या. त्या त्रासाला कंटाळूनच शस्त्रक्रियेचा निर्णय झाला. या तपशिलाचे महत्त्व तेव्हा कळले नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले चार-पाच तास डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग होते, पाणी वाहते आणि उजेड सहन होत नाही. या वेळात अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून झोपणे हाच उपाय असतो. दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत लेखिकेला तक्त्यावरची ६/६ची ओळ विनाचष्मा वाचता आली. बऱ्याच रुग्णांची दृष्टी अशीच एक-दोन दिवसांत स्वच्छ होते. रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलये मात्र काही आठवडे ते काही महिने टिकतात.

पहिल्या आठवड्याची पथ्ये पापुद्रा सरकू नये आणि जंतुसंसर्ग होऊ नये यासाठी असतात. डोळे चोळायचे नाहीत, त्यांवर पाण्याचे हबके मारायचे नाहीत, काजळ लावायचे नाही. केस धुवायचे तर डोके मागे टाकून, दुसऱ्या कुणाच्या मदतीने. झोपेत नकळत हात जाऊ नये म्हणून रात्री डोळ्यांवर प्लॅस्टिकच्या पारदर्शक वाट्या चिकटपट्टीने बसवतात. प्रतिजैविकाचे थेंब साधारण आठवडाभर, स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत आणि ओलावा देणारे थेंब दिवसातून अनेकदा घालायचे असतात. दोन वेगळ्या औषधांमध्ये पाच मिनिटांचे अंतर ठेवावे लागते, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन नेतो. लेखिकेच्या घरी हे वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेले होते आणि थेंब घालण्याचे काम आईकडे होते.

कोरडेपणाचे मूळ तुटलेल्या मज्जातंतूंमध्ये असते. शरीरात मज्जातंतूंचे जाळे सर्वांत दाट कुठे असेल तर ते कॉर्नियात. हे तंतू कडेकडून मध्याकडे येतात आणि वर चढून पृष्ठभागाखाली पसरतात. पृष्ठभाग किंचित कोरडा झाला की त्याची वर्दी ते मेंदूला देतात. त्यावरून अश्रुग्रंथींना पाझरण्याची आणि पापण्यांना लवण्याची आज्ञा मिळते. पापुद्रा कापताना, जोडलेली कड सोडली, तर यातले बहुतेक तंतू तुटतात. वर्दी पोहोचत नाही, अश्रू कमी पाझरतात आणि पापणीही कमी वेळा लवते. पापुद्र्याची कड वरवर एका दिवसात मिटते, पण कॉर्नियाची संवेदना परत यायला साधारण सहा महिने ते एक वर्ष लागते. तंतूंची दाटी पूर्ववत व्हायला त्याहूनही अधिक काळ लागू शकतो. शस्त्रक्रियेत मिनिटे जातात आणि भरून येण्यात महिने, हे अंतर रुग्णाला आधी समजावून सांगितले पाहिजे.

लक्षणे साधारण पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या सहभागाने झालेले प्राउल अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेआधी कोरडेपणाची लक्षणे नसलेल्यांपैकी जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत लोकांनी तिसऱ्या महिन्यात ती नोंदवल्याचे त्यांत दिसले. त्याच अभ्यासांत बहुसंख्य रुग्ण आपल्या दृष्टीबाबत समाधानी होते. या दोन्ही गोष्टी एकाच रुग्णाच्या बाबतीत खऱ्या असू शकतात. लेखिकेच्या बाबतीत त्या तशा होत्या.

डिसेंबरच्या मध्यापासून तिला सकाळी डोळे उघडणे अवघड होऊ लागले. झोपेत पापणी आतून कॉर्नियाला चिकटायची आणि उघडताना ओरखडा उमटल्यासारखी कळ यायची. दुपारी वाळूचे कण गेल्यासारखे खुपायचे, संध्याकाळी अक्षरे पुसट व्हायची आणि दोन-तीनदा पापणी लववली की पुन्हा स्पष्ट दिसायची. दृष्टीतला हा चढउतार अश्रुपटल तुटल्याचे लक्षण आहे. याउलट दुचाकीवर वारा लागला की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायचे. कोरड्या डोळ्यांतून पाणी येते हे ऐकायला विसंगत वाटते. पण ते पाणी चुरचुरीमुळे एकदम सुटलेले असते. त्यात पृष्ठभागावर टिकून राहण्याचा गुण नसतो.

निरोगी अश्रुपटलात तळाशी श्लेष्म्याचा अंश, त्यात मिसळलेला पाण्याचा जाड भाग आणि सर्वांत वर तेलाचा पातळ थर असतो. तेल पापण्यांच्या कडांमधील मायबोमियन ग्रंथींतून येते आणि पाण्याचे बाष्पीभवन रोखते. म्हणून तपासणीही दोन अंगांनी होते. शिर्मर चाचणीत गाळणकागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटांत ती किती मिलिमीटर भिजते ते पाहतात. दुसऱ्या चाचणीत डोळ्यात फ्लुओरेसीन हा रंग घालून, पापणी न लववता अश्रुपटल किती सेकंदांत फाटते ते मोजतात. १० सेकंदांपेक्षा कमी वेळ सदोष धरतात. फेब्रुवारीत लेखिकेची पट्टी ७ मिलिमीटर भिजली आणि अश्रुपटल ४ सेकंदांत फाटले. पापण्यांच्या ग्रंथींतले तेलही घट्ट झालेले होते. शस्त्रक्रियेआधी या दोन्ही चाचण्या झाल्याच नव्हत्या. लेन्स खुपतात असे सांगूनही त्यामागे कोरडेपणा आहे का, हे कुणी पाहिले नव्हते.

उपचारांचा पहिला टप्पा कृत्रिम अश्रूंचा. कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असलेले थेंब सर्रास दिले जातात. अनेक बाटल्यांमध्ये बेंझाल्कोनियम क्लोराइड हे परिरक्षक असते आणि वारंवार वापरल्यास ते पृष्ठभागाला इजा करते. त्यामुळे दिवसातून चार-सहा वेळांहून अधिक थेंब लागत असतील, तर परिरक्षकविरहित थेंब वापरावेत. लेखिकेने महिनाभर परिरक्षक असलेले थेंब दिवसातून दहा वेळा घातले होते आणि चुरचुर वाढत गेली होती. ते बदलल्यावर आठवड्याभरात फरक पडला. रात्री झोपताना जेल घातल्याने पापणी चिकटणे थांबले.

दुसरा टप्पा पापण्यांचा. कोमट पाण्यात पिळलेल्या स्वच्छ फडक्याने मिटल्या पापण्यांवर आठ-दहा मिनिटे शेक द्यायचा, फडके गार झाले की पुन्हा भिजवायचे, मग बोटाने पापणी केसांच्या दिशेने हलकेच दाबून तेल मोकळे करायचे. बुबुळावर दाब पडू द्यायचा नाही आणि शस्त्रक्रियेनंतर हे डॉक्टरांच्या परवानगीनेच सुरू करायचे. याचा परिणाम रोज केल्यावर तीन-चार आठवड्यांनी दिसतो. दाह असेल तर सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि पूर्ण गुण यायला महिने लागतात, म्हणून अनेक जण ते मध्येच सोडतात. लेखिकेने ते सहा महिने घेतले. याने भागले नाही, तर अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत सूक्ष्म बुचे बसवतात किंवा रुग्णाच्याच रक्तातील सीरमपासून थेंब तयार करतात. चाचण्या ठीक असूनही वेदना टिकून राहिल्या, तर त्या मज्जातंतूंच्या बिघाडाच्या असू शकतात आणि त्यांवर वेगळे उपचार लागतात.

औषधांइतकाच फरक राहणीने पडतो. एरवी मिनिटाला १५ ते २० वेळा लवणारी पापणी पडद्यासमोर त्याच्या तिसऱ्या हिश्शावर येते आणि अनेकदा अर्धीच मिटते. लेखिकेने प्रत्येक परिच्छेद संपल्यावर डोळे पूर्ण मिटून दोनपर्यंत मोजण्याची सवय लावली आणि पडदा नजरेच्या पातळीखाली आणला, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. छताच्या पंख्याखालची झोपण्याची जागा बदलली, एसीचा झोत तोंडावरून हलवला आणि दुचाकीवर हेल्मेटच्या आत बाजूंनी बंद असलेला गॉगल घातला. हवेचा परिणाम तर मोजून घ्यावा असा होता. पुण्याच्या मार्चच्या कोरड्या हवेत दिवसाला बारा थेंब लागत. मे महिन्यात रत्नागिरीला काढलेल्या दहा दिवसांत ते पाचावर आले. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर पुण्यातही तेवढेच पुरेसे झाले.

या काळातला एकटेपणा तपासणीच्या कागदावर उमटत नाही. दृष्टी ६/६ आहे, चष्मा गेला आहे, मग तक्रार कसली, असे घरचे आणि कार्यालयातले लोक सहज म्हणतात. डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे दुखणे खरे आहे हे पटवून देण्याचे ओझेही रुग्णावरच येते. लेखिकेला सर्वांत मोठा आधार नेत्रतज्ज्ञांच्या एका वाक्याने मिळाला: हे दुखणे खरे आहे आणि ते कमी होत जाईल. थेंबांची संख्या, पडद्यासमोरचे तास आणि त्रासाची वेळ यांची रोज एका वहीत केलेली नोंदही उपयोगी पडली. दिवसागणिक न जाणवणारी सुधारणा महिन्याच्या बेरजेत दिसत असे.

बाराव्या महिन्यात अश्रुपटल ९ सेकंद टिकू लागले आणि शिर्मरची पट्टी १२ मिलिमीटर भिजली. सकाळची कळ थांबली. आज दिवसातून दोन-तीन थेंब, आठवड्यातून तीनदा शेक आणि हिवाळ्यात रात्रीचे जेल एवढे चालू आहे. बहुतेक रुग्णांचा कोरडेपणा सहा महिने ते वर्षभरात असाच ओसरतो. थोड्यांचा मात्र टिकून राहतो. आधीपासून कोरडे असलेले डोळे, पडद्यासमोरचे काम, मोठा नंबर, रजोनिवृत्ती, संधिवातासारखे स्वप्रतिकार विकार आणि काही औषधे यांमुळे हा धोका वाढतो. कॉन्टॅक्ट लेन्स सहन होत नाहीत म्हणून शस्त्रक्रियेकडे वळणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे, कारण लेन्स सहन न होणे हेच पुष्कळदा कोरडेपणाचे पहिले लक्षण असते. त्यांनी लॅसिकची तारीख घेण्यापूर्वी शिर्मर चाचणी, अश्रुपटलाची चाचणी आणि पापण्यांच्या ग्रंथींची तपासणी मागून घ्यावी आणि कोरडेपणा आढळल्यास आधी त्यावर उपचार पूर्ण करावेत.