लायन गेटसमोरचं जुनं कोर्ट

डहाणू-तलासरीकडे कोर्ट म्हटलं की माणसाला तारीख आठवते, इमारत नाही. म्हणून एका रविवारी डहाणूहून चर्चगेट लोकल धरून आम्ही मुलांना मुंबईचं जुनं कोर्ट दाखवायला नेलं.

फोर्टमध्ये लायन गेटसमोर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग आहे. मुळात ही राहण्याची कोठी. अठराव्या शतकात आरमाराचे प्रमुख इथे राहत. पुढे 1800 पासून 1878 पर्यंत न्यायदान इथेच चाललं. आधी रेकॉर्डर्स कोर्ट, मग सुप्रीम कोर्ट आणि 1862 पासून हायकोर्ट. म्हणजे माणसं राहायची त्या दालनांत खटले उभे राहिले! कोर्ट गेल्यावर त्याच घराचं हॉटेल झालं. आज तिथे दुकानं नि कचेऱ्या. येणारा-जाणारा मान वर करून पाहतही नाही.

आम्ही मात्र इथे बराच वेळ रेंगाळलो. 1867 साली बदरुद्दीन तय्यबजी या हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले, ते याच घरात.

मग ओव्हलकडून आजचं हायकोर्ट पाहिलं. कर्नल फुलर यांचा आराखडा, काळा दगड, टोकदार कमानी, अष्टकोनी मनोरे, लांबी 562 फूट. घर कुठलं, हा तर किल्लाच! आत एका खांबावर तराजू धरलेलं माकड कोरलंय, पट्टी एकाच डोळ्यावर, हे सांगताच मुलं खिदळली.

तय्यबजी 1895 मध्ये इथे न्यायमूर्ती झाले. 1897 च्या राजद्रोह खटल्यात टिळकांचा जामीन आधी नाकारला गेला होता. तो त्यांनी मंजूर केला.